एक डिस्क गेली तर ओझं कुणावर?

पांडेसऱ्यात ‘रेड’ म्हटलं की लोक आधी दचकतात आणि मग विचारतात, जीएसटीची की इन्कम टॅक्सची? मी ज्या रेडबद्दल लिहिते आहे ती धाड नाही. ‘रिडंडंट ॲरे ऑफ इंडिपेंडंट डिस्क्स’ या लांबलचक नावाची आद्याक्षरं जोडून हा शब्द झाला. अनेक डिस्क एकत्र बांधायच्या, त्यांत थोडी जादा माहिती भरून ठेवायची आणि एखादी डिस्क बंद पडली तरी काम चालू ठेवायचं, अशी ही सोय. बँका, दवाखाने, विद्यापीठं, जिथे जिथे मोठे सर्व्हर आहेत तिथे ती कुठल्या ना कुठल्या रूपात असते.

आमच्या भागात ती मिलमध्ये असते. सुरतच्या दक्षिणेकडे उधना आणि भेस्तानच्या शेजारी पांडेसरा जीआयडीसी आहे. कापडाची रंगाई-छपाई करणाऱ्या मिलसाठी हा भाग ओळखला जातो. आजूबाजूच्या वसाहतींत धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. उधना-जळगाव रेल्वेने गाव आणि काम एकमेकांना बांधून ठेवलं आहे. पूर्वी छपाईचं डिझाइन कागदावर असायचं, आता ते फाइलमध्ये असतं. एका साडीचा पदर वेगळा, काठ वेगळा, अंग वेगळं, आणि त्यातल्या प्रत्येक रंगाचा भाग पुन्हा वेगळा. मी अशाच एका डिझाइन विभागात कॉम्प्युटर आणि सर्व्हर सांभाळते, म्हणून हा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे.

साहित्य मंडळाच्या अंकात तो आणण्याचं कारण पुढे येईलच. सुरुवातीला एवढंच सांगते की डिस्कची सुरक्षितता जादा माहिती किती ठेवली यावर जितकी अवलंबून असते, तितकीच ती कुठे ठेवली यावरही असते. तितक्याच डिस्क, तितकीच जादा माहिती. फक्त मांडणी बदलली तर संकटाच्या वेळी कुणावर किती ओझं पडेल ते बदलतं. हा लेख त्या मांडणीबद्दल आहे.

नक्कल आणि बेरीज

वस्तू हरवू नये म्हणून माणसाने शोधलेला सगळ्यात जुना उपाय म्हणजे नक्कल. आपल्या साहित्यातलंच उदाहरण घेऊ. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ मध्ये छापलं गेलं, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं गेलं. त्या तिन्ही छपायांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ आपल्यापर्यंत आला, कारण लोकांनी तो हाताने उतरवून घेतला होता. जपून ठेवलेल्या अशा हस्तलिखितांवरून जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला. शिवाय देवनागरीतलं एक हस्तलिखित लंडनमध्ये सापडलं. प्रती वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या हाती होत्या म्हणून एका ठिकाणचं नुकसान सगळीकडे पोचलं नाही.

डिस्कच्या जगात या उपायाला ‘मिररिंग’ म्हणतात. जे एका डिस्कवर लिहायचं तेच शेजारच्या डिस्कवर लिहायचं. उपाय खात्रीचा आहे, पण महाग. १०० टेराबाइट माहिती ठेवायची तर २०० टेराबाइटच्या डिस्क विकत घ्याव्या लागतात.

दुसरा उपाय बेरजेचा. समजा तीन पाकिटांत १४, ९ आणि २३ रुपये आहेत, आणि चौथ्या पाकिटात फक्त एक चिठ्ठी आहे: एकूण ४६. आता दुसरं पाकीट हरवलं. ४६ मधून १४ आणि २३ वजा केले की ९ उरतात, म्हणजे हरवलेल्या पाकिटात काय होतं ते कळलं. तिघांपैकी कुठलंही एक हरवो, हिशोब लागतो. चिठ्ठीच हरवली तर पुन्हा बेरीज करायची. तीन पाकिटांच्या रक्षणाला तीन नकला लागल्या नाहीत, एका चिठ्ठीवर भागलं.

कॉम्प्युटर हे ० आणि १ वर करतो. सगळ्या तुकड्यांतल्या एकाच जागेवरचे १ मोजायचे. ते सम असतील तर जादा तुकड्यात ० लिहायचा, विषम असतील तर १. या जादा तुकड्याला पॅरिटी म्हणतात. तीन तुकड्यांत १, ०, १ असेल तर पॅरिटी ०. मधला हरवला तर उरलं १, ? आणि १, पॅरिटी ०. एकूण सम व्हायला हवेत म्हणजे प्रश्नचिन्हाच्या जागी ०. इतकं सोपं आहे. माहितीचे काही तुकडे आणि त्यांची पॅरिटी मिळून जो एक संच होतो त्याला मी यापुढे ‘पट्टा’ म्हणेन.

१९८८ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध लिहिला आणि ‘रेड’ हे नाव रूढ झालं. तेव्हा त्यातला ‘आय’ हा ‘इनएक्स्पेन्सिव्ह’चा, म्हणजे स्वस्तचा होता, ‘इंडिपेंडंट’ नंतर आला. एका मोठ्या, महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त आणि लहान डिस्क वापरा, असा त्यांचा मुद्दा होता. अडचण उघड होती. एक डिस्क असेल तर ती कधीतरी बिघडणार; शंभर असतील तर त्यांतली कुठलीतरी एक बिघडण्याची वेळ त्याहून कितीतरी लवकर येणार. म्हणून पॅरिटी ही चैन राहिली नाही, गरज झाली.

पॅरिटी एका जागी का ठेवत नाहीत

चार डिस्क घेतल्या. तीनवर माहिती आणि चौथीवर सगळ्या पट्ट्यांची पॅरिटी, अशी मांडणी सहज सुचते. रेडच्या पायऱ्यांत तिला चौथी पायरी म्हणतात. पण कुठल्याही पट्ट्यातला एक तुकडा बदलायचा झाला की चार कामं करावी लागतात: जुना तुकडा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा तुकडा लिहा, नवी पॅरिटी लिहा. माहितीचे तुकडे तीन डिस्कांवर विखुरलेले आहेत, त्यामुळे तिथलं काम वाटलं जातं. पॅरिटी मात्र प्रत्येक वेळी चौथ्याच डिस्कवर. एखाद्या ऑफिसात सगळ्या पावत्यांवर सही एकाच कारकुनाची लागते आणि रांग दारापर्यंत जाते, तशी गत.

पाचव्या पायरीत उपाय केला तो फक्त जागा बदलण्याचा. पहिल्या पट्ट्याची पॅरिटी चौथ्या डिस्कवर, दुसऱ्याची तिसऱ्या, तिसऱ्याची दुसऱ्या, चौथ्याची पहिल्या आणि मग पुन्हा चौथ्यावर. एकही डिस्क वाढवली नाही, एकही जादा बिट लिहिला नाही. नुसत्या मांडणीने रांग चार ठिकाणी विभागली. मांडणीचं महत्त्व पहिल्यांदा इथे दिसतं.

दुरुस्तीचे तास

डिस्क बिघडली की सर्व्हरवर लाल किंवा केशरी दिवा लागतो. काम चालू राहतं, पण आता पट्ट्यांपाशी जादाचं काही उरलेलं नसतं. नवी डिस्क घालायची आणि उरलेल्या सगळ्यांवरून वाचून, वजाबाकी करून, हरवलेला प्रत्येक तुकडा तिच्यावर पुन्हा लिहायचा. याला रिबिल्ड म्हणतात. खरा धोका याच तासांत असतो.

हिशोब करून बघा. ८ टेराबाइटची डिस्क, सेकंदाला १५० मेगाबाइट वेग धरला, तर ती एकदा पूर्ण लिहायला साधारण १५ तास लागतात. तेही दुसरं काही काम नसेल तर. मिल चालू असते, डिझायनर फाइली उघडत असतात, म्हणून प्रत्यक्षात वेळ वाढत जातो. सात डिस्कांचा एकच गट असेल तर एका डिस्कसाठी उरलेल्या सहाही डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात, म्हणजे ४८ टेराबाइट. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात असं दिलेलं असतं की १० चा १४ वा घात इतके बिट वाचताना एखादी जागा न वाचता येण्याजोगी निघू शकते. हे प्रमाण म्हणजे सुमारे १२.५ टेराबाइटला एक. प्रत्यक्षात डिस्क पुष्कळदा याहून चांगल्या वागतात, पण वाचायची माहिती वाढली की जोखीम वाढते हे खरंच.

पांडेसऱ्यातल्याच एका डिझाइन विभागात, मी तिथे मदतीला गेले होते तेव्हा, हे बघितलं. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. पाचव्या पायरीच्या मांडणीतली एक डिस्क गेली, नवी घातली, रिबिल्ड सुरू झालं. फाइल उघडायला मिनिट-मिनिट लागायला लागलं. पार्टीचे फोन येत होते, नमुने थांबले होते, म्हणून काम बंद ठेवायला कुणी तयार नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या एका डिस्कवर वाचता न येणारी जागा निघाली आणि त्या सर्व्हरने सगळं रिबिल्डच सोडून दिलं. काही डिझाइन जुन्या पेन ड्राइव्हमध्ये सापडली. बाकीची छापलेल्या कापडाचे तुकडे समोर ठेवून पुन्हा काढावी लागली. रोजंदारीवर काम करणारे दोन कारागीर त्या आठवड्यात रात्री अकरापर्यंत बसत होते. डिस्कची किंमत काही हजार होती; त्या बैठकांचं बिल कुणी काढलं नाही.

यावरचा एक उपाय म्हणजे दोन पॅरिटी ठेवायच्या, म्हणजे दोन डिस्क एकदम गेल्या तरी माहिती टिकते. ही सहावी पायरी, आणि आज मोठ्या डिस्क वापरणाऱ्याने ती घ्यावीच असं माझं मत आहे. पण तिने दुरुस्तीचे तास कमी होत नाहीत, त्या तासांतला धीर वाढतो. तास आणि ओझं कमी करायचं तर पुन्हा मांडणीकडेच यावं लागतं.

सात जणींच्या सात भिशा

आमच्या गल्लीत भिशी चालते. हिंदी बोलणाऱ्या शेजारणी तिला बीसी म्हणतात. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम द्यायची आणि एकीने सगळी उचलायची. मधेच एखादी बाई गावी निघून गेली तर तिचा वाटा बाकीच्यांना भरावा लागतो. आता समजा, तीन-तीन जणींच्या छोट्या भिशा लावायच्या आहेत.

एक पद्धत अशी की त्याच तिघी मिळून तीन भिशा लावतात. त्यांतली एक गेली तर तिन्ही भिशांतला तिचा वाटा उरलेल्या दोघींवर येतो. शेजारच्या गल्लीतल्या चौघींना काहीच तोशीस नाही. दुसरी पद्धत अशी की सात जणींनी मिळून तीन-तीनच्या सात भिशा लावायच्या, पण अशा विणायच्या की कुठल्याही दोघी एकाच भिशीत बरोबर एकदाच एकत्र येतील. मग एक गेली की तिच्या तीन भिशांत प्रत्येकी दोन, अशा सहाही जणींवर एकेक वाटा येतो. कुणी मोडत नाही आणि कुणी मोकळी राहत नाही.

अशी विणकाम केलेली मांडणी खरंच करता येते का? सात डिस्क आणि सात पट्ट्यांची ही घ्या. प्रत्येक पट्ट्यात दोन माहितीचे तुकडे आणि एक पॅरिटी, म्हणजे तीन डिस्क.

पट्टा १: डिस्क १, २ आणि पॅरिटी ४ वर
पट्टा २: डिस्क २, ३ आणि पॅरिटी ५ वर
पट्टा ३: डिस्क ३, ४ आणि पॅरिटी ६ वर
पट्टा ४: डिस्क ४, ५ आणि पॅरिटी ७ वर
पट्टा ५: डिस्क ५, ६ आणि पॅरिटी १ वर
पट्टा ६: डिस्क ६, ७ आणि पॅरिटी २ वर
पट्टा ७: डिस्क ७, १ आणि पॅरिटी ३ वर

पहिला पट्टा लिहिला की पुढचा प्रत्येक पट्टा फक्त एक पाऊल पुढे सरकवलेला आहे. ७ नंतर पुन्हा १. पेन्सिल घेऊन तपासा. प्रत्येक डिस्कवर तीन तुकडे आहेत, त्यांतला एक पॅरिटीचा. कुठल्याही दोन डिस्क घ्या, त्या नेमक्या एकाच पट्ट्यात भेटतात. आता डिस्क १ गेली असं समजा. तिचे पट्टे तीन: पहिला, पाचवा आणि सातवा. पहिल्यासाठी २ आणि ४ वाचा, पाचव्यासाठी ५ आणि ६, सातव्यासाठी ७ आणि ३. सहाही डिस्कवरून एकेकच तुकडा वाचावा लागला. त्यांच्यावर तीन-तीन तुकडे होते, म्हणजे प्रत्येकीला आपला एक तृतीयांशच भाग वाचावा लागला. उरलेला वेळ डिझायनरच्या फाइलींसाठी मोकळा.

याच डिस्क तीन-तीनच्या दोन वेगळ्या गटांत आणि सातवी राखीव, अशा ठेवल्या असत्या तर पॅरिटीचा खर्च तोच, तीनात एक. पण एक गेल्यावर तिच्या गटातल्या दोघी पूर्ण वाचाव्या लागल्या असत्या आणि दुसरा गट बघत राहिला असता.

एक गोष्ट लपवत नाही. सात डिस्कांचा एकच लांब पट्टा केला तर पॅरिटीला सातातली एकच जागा जाते. इथे तीनातली एक जाते. विणलेली मांडणी फुकट नाही. पट्टा लहान ठेवला की जागा जास्त जाते आणि ओझं हलकं होतं. लांब ठेवला की उलट. मधला मार्गही आहे. २१ डिस्क आणि पाच-पाचचे २१ पट्टे असे विणता येतात की कुठल्याही दोघी एकदाच भेटतील. तिथे पॅरिटीला पाचातली एक जागा जाते आणि एक डिस्क गेल्यावर बाकीच्या वीस जणींना आपला एक पंचमांश भागच वाचावा लागतो.

या कल्पनेला ‘डिक्लस्टर्ड पॅरिटी’ म्हणतात. १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रिचर्ड मुन्ट्झ आणि जॉन लुई यांनी ती मांडली. १९९२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मार्क हॉलंड आणि गार्थ गिब्सन यांनी ती प्रत्यक्षात कशी उतरवायची ते दाखवलं. चांगल्या मांडणीच्या कसोट्याही त्यांनी ठरवल्या. त्यांतल्या काही अशा: एका पट्ट्याचे दोन तुकडे एकाच डिस्कवर नकोत. दुरुस्तीचं ओझं सगळ्यांवर सारखं पडावं. पॅरिटीही सगळ्यांवर सारखी वाटलेली असावी. आणि कुठला तुकडा कुठे आहे हे शोधण्याचा तक्ता इतका लहान असावा की तो मेमरीत सहज मावेल.

शाळा, शेत आणि श्रीखंडे

हॉलंड आणि गिब्सन यांना ही विणकामं नव्याने शोधावी लागली नाहीत. ती गणितात आधीच होती.

इंग्लंडमध्ये लँकशायरमधल्या क्रॉफ्ट या गावचे धर्मगुरू रेव्हरंड थॉमस किर्कमन यांनी १८५० मध्ये एक कोडं छापलं. शाळेतल्या १५ मुली रोज तीन-तीनच्या ओळींनी फिरायला जातात. सात दिवसांत कुठल्याही दोघी दुसऱ्यांदा एका ओळीत येऊ नयेत, तर ओळी कशा लावाल? लहानशा गावचा चर्च सांभाळता सांभाळता हा माणूस गणित करत होता. तीन-तीनच्या अशा संचांवर त्यांनी १८४७ मध्येच निबंध लिहिला होता. आपल्या सात डिस्कांची मांडणी त्याच घराण्यातली सगळ्यात लहान; भूमितीत ती इटलीच्या जिनो फानो यांच्या नावाने ओळखली जाते.

मग हा विषय शेतात गेला. कापसाचे सात वाण तपासायचे आहेत, पण एकसारख्या मातीच्या वाफ्यात तीनच मावतात. अशा वेळी वाण असे वाटायचे की प्रत्येक वाणाची प्रत्येकाशी तुलना सारख्याच वेळा होईल. १९३६ मध्ये इंग्लंडचे फ्रँक येट्स यांनी शेतीप्रयोगांसाठी या रचना वापरात आणल्या, आणि १९३९ मध्ये कोलकात्याचे राज चंद्र बोस यांनी त्या तयार करण्याच्या पद्धती दिल्या.

बोस यांचे विद्यार्थी शरदचंद्र शंकर श्रीखंडे. त्यांचा जन्म १९१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या सागर इथला, शिक्षण नागपूरला, आणि पुढे ते मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक आणि विभागप्रमुख होते. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी ऑयलरचा जवळजवळ पावणेदोनशे वर्षं टिकलेला अंदाज खोटा ठरवला आणि ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. २०२० मध्ये, १०२ वर्षांचे असताना, ते गेले. त्या प्रसिद्ध कामापेक्षा मला इथे त्यांचं १९५० मधलं एक काम महत्त्वाचं वाटतं. काही रचना होऊच शकत नाहीत, असं त्यांनी दाखवलं.

उदाहरण घ्या. २२ डिस्क, सात-सातचे २२ पट्टे आणि कुठल्याही दोन डिस्क नेमक्या दोन पट्ट्यांत एकत्र, अशी मांडणी हवी आहे. साधा हिशोब जुळतो: एका डिस्कचे पट्टे सात, प्रत्येकात सोबतिणी सहा, म्हणजे ४२ भेटी; बाकीच्या २१ डिस्कांशी दोन-दोनदा, म्हणजेही ४२. वाटतं, बसू थोडा वेळ आणि जमवू. पण ती जमणारच नाही. अशा चौकोनी रचनेत, म्हणजे डिस्क आणि पट्टे सारखेच असतात तेव्हा, डिस्कची संख्या सम असेल तर पट्ट्याच्या लांबीतून भेटींची संख्या वजा करून पूर्ण वर्गच यायला हवा. इथे ७ वजा २ म्हणजे ५, आणि तो वर्ग नाही. हा नियम त्या काळात श्रीखंडे यांच्याप्रमाणेच इतर काहींनीही स्वतंत्रपणे सिद्ध केला.

सर्व्हर बांधणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. नेमकी रचना नाही म्हटल्यावर २२ मधून सात निवडण्याचे सगळेच्या सगळे प्रकार घ्यायचे, असा एक मार्ग उरतो. पण ते १,७०,५४४ होतात आणि तक्ता फुगतो. दुसरा मार्ग म्हणजे समतोल किंचित सैल करायचा, किंवा डिस्कची संख्याच बदलायची. काय अशक्य आहे हे आधी कळलं की शोधण्यातले महिने वाचतात.

राखीव जागाही वाटून

वाचनाचं ओझं वाटलं तरी एक अडचण राहते. दुरुस्त केलेले सगळे तुकडे एकाच नव्या डिस्कवर लिहायचे असतील तर तिचा वेग तोच, म्हणजे ८ टेराबाइटला १५ तास तसेच. म्हणून राखीव डिस्क वेगळी न ठेवता प्रत्येक डिस्कवर थोडी मोकळी जागा सोडतात आणि दुरुस्त झालेले तुकडे सगळीकडे विखरून लिहितात. एकच अट: ज्या डिस्कवर त्या पट्ट्याचा तुकडा आधीच आहे, तिथे दुसरा नको.

२१ डिस्कांच्या मांडणीत मग काय होतं? प्रत्येक डिस्क आपला एक पंचमांश भाग वाचते आणि गेलेल्या डिस्कचा एक विसांश भाग लिहिते. एकूण काम एका डिस्कच्या एक चतुर्थांश इतकं, म्हणजे त्याच वेगाने पंधरा तासांऐवजी पावणेचार तास. विखुरलेलं वाचताना डिस्कचा वेग पडतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्त धरा. तरी फरक मोठा आहे. २०२१ मध्ये आलेल्या ओपनझेडएफएसच्या २.१ आवृत्तीत ‘डी-रेड’ नावाने ही सोय सगळ्यांसाठी मोकळी झाली. तिथे अचूक गणिती रचनेऐवजी आधीच निवडून ठेवलेले क्रमपालट वापरतात, म्हणजे पत्ते पिसण्याच्या ठरावीक पद्धती. हेतू मात्र तोच.

पाणी सगळ्यांवर सारखंच येतं

इतकं सगळं केलं तरी या सगळ्या डिस्क एकाच खोलीत, बहुधा एकाच पेटीत असतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरतचा मोठा भाग पाण्याखाली गेला. तळमजल्यावर पाणी शिरतं तेव्हा ते पॅरिटी कुठल्या डिस्कवर आहे हे विचारत नाही. आगीचं, चोरीचं तसंच. कुणी फाइल पुसली तर रेड ती सगळ्या डिस्कांवरून इमानदारीने पुसतं. व्हायरसने कुलूप लावलं तर ते कुलूपही नीट जपतं. डिस्क बिघडणं या एका संकटासाठी रेड आहे. बाकीच्यांसाठी ‘क्रिस्तपुराणा’ला उपयोगी पडला तोच उपाय: दुसऱ्या जागी, दुसऱ्याच्या हाती असलेली पूर्ण प्रत.

साहित्य मंडळाशी या विषयाचा संबंध इथे येतो. आपला हा अंक ई-अंक आहे. छापील प्रत नसल्यामुळे कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत तो पन्नास वर्षांनी सापडण्याची शक्यता नाही. आपल्या कविता, नाट्यवाचनांची ध्वनिमुद्रणं, जुन्या सदस्यांच्या मुलाखती, सगळं कुठल्यातरी सर्व्हरवरच्या तुकड्यांत आहे. तो सांभाळणाऱ्या माणसाला तीन प्रश्न जरूर विचारा. एका वेळी किती डिस्क गेल्या तरी चालेल? एक गेली तर दुरुस्तीला किती तास लागतात, आणि तेवढ्या तासांत ओझं कुणावर पडतं? आणि या खोलीबाहेर पूर्ण प्रत कुठे आहे, ती शेवटची कधी उघडून बघितली?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण देतात. दुसऱ्याला ते थोडा विचार करतील. तिसऱ्याला कुणी गप्प बसलं तर मंडळाच्या दोन-तीन सदस्यांनी त्याच आठवड्यात एकेक हार्ड डिस्क घेऊन यावं, सगळे अंक उतरवून घ्यावेत आणि त्या वेगवेगळ्या गावी नेऊन ठेवाव्यात. एक मी पांडेसऱ्याला ठेवते, दुसऱ्या मजल्यावर.